एकाच दगडाचे अनेक प्रदेश

मुंबई बेटावरील वडाळा हें ठिकाण आमच्या पुष्कळ वाचकांस आगगाडीच्या स्थानकामुळें ठाऊक असेल. परंतु घरांच्या दाटीवरून दृष्टि काढून ती भूमीकडे लावली, तर तेथें थोडक्या अंतरांत तीन निरनिराळीं रूपें आढळतात: अँटॉप हिलचा कठीण खडक, शिवडीकडे पसरलेला खाडीचा चिखल व त्यांतील तिवरांचें रान, आणि मिठागरांची सपाट, खारी जमीन. हीं रूपें कोठून आलीं, आणि आपल्या गांवच्या काळ्या शेताशीं त्यांचें काय नातें आहे, याचा विचार आपण या पाठांत करूं.

सुमारें 6.6 कोटी वर्षांपूर्वीं या देशांत भूमीस लांब भेगा पडून त्यांतून वितळलेला खडक बाहेर आला. ज्वालामुखी म्हटला म्हणजे शंकूसारखा पर्वत डोळ्यांपुढें येतो. येथें बहुतेक ठिकाणीं तसें झालें नाहीं. तव्यावर ओतलेलें घावनाचें पीठ जसें पसरतें, तसा हा रस दूरवर पसरून थिजला. अशा रीतीनें थरावर थर बसत गेले. आजहि सुमारें 5 लक्ष चौरस किलोमीटर भूमि ह्या काळ्या दगडाखालीं आहे. सह्याद्रीच्या अंगावर ज्या पायऱ्या दिसतात, त्या ह्याच थरांच्या कडा होत.

दोन उद्रेकांच्या मध्यें शांततेचा काळहि असे. वरळीच्या टेकडींत थरांमधील गाळाच्या खडकांत लहान बेडकांचे अवशेष सांपडले. रिचर्ड ओवेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें 1847 सालीं त्यांचें वर्णन केलें. म्हणजे अग्नीच्या दोन थरांमध्यें पाणी होतें, आणि पाण्यांत जीव होते. हे डोंगर पुनः पेटतील अशी भीति मात्र कोणी बाळगूं नये. भारतांतील जागृत ज्वालामुखी दूर अंदमान समुद्रांत बॅरन बेटावर आहे. तो 1991 सालीं पुनः उसळला.

आतां दगड एक असतां प्रदेश इतके भिन्न कां? याचें उत्तर ऊन व पाऊस हें होय. पावसाचे ढग समुद्रावरून येऊन सह्याद्रीस अडतात. महाबळेश्वरास वर्षाकाठीं 200 इंचांहून अधिक पाऊस पडतो. तर घाटापलीकडे अहिल्यानगराकडे, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगराकडे, 20 ते 25 इंचच पडतो. अति पावसानें दगडांतील चुना व वाळूचा अंश धुवून जातो आणि लोखंडाचा अंश मागें राहतो; असा कोंकणचा तांबडा जांभा झाला. देशावर पाऊस थोडा, म्हणून तेथें चुना राहिला व ओल धरणारी काळी माती बनली. तिच्यांत कापूस व ज्वारी येते. उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात. डोंगरावरून वाहून गेलेली बारीक माती शेवटीं खाडींत जाऊन बसते. वडाळा-शिवडीचा चिखल तो हाच. त्यांत तिवरें रुजतात, मासळी वाढते, आणि त्या चिखलावर चरावयास रोहित पक्षी हजारोंनीं येतात.

हें जाणून आपणांस काय लाभ? पुष्कळ लाभ आहे. काळा दगड पाणी शोषीत नाहीं; तें त्याच्या फटींत व वरच्या झिजलेल्या थरांतच राहतें. म्हणून पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणाऱ्या ओढ्याच्या गांवींहि चैत्रांत विहीर आटते. जो शेतकरी उतारास आडवे चर खणतो, बांध घालतो व डोंगरमाथ्यावरील झाडें राखतो, तो आपल्या विहिरीचें पाणीच राखतो. उलट, उतारावरची माती सुटली म्हणजे काय होतें, हें 30 जुलै 2014 रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवीं दिसलें. मुसळधार पावसांत डोंगर खचला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. मुंबईंत 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. नदीनाल्यांचीं पात्रें अरुंद झालेलीं व खाडीकांठ भरावानें बुजलेला, म्हणून पाण्यास वाट मिळाली नाहीं, आणि शेंकडों लोक प्राणांस मुकले. घाटांतील उतार व वडाळ्याचीं तिवरें हीं परस्परांपासून दूर दिसतात; परंतु वर माती धरून ठेवणें आणि खालीं पाण्यास जागा सोडणें हीं एकाच कामाचीं दोन टोकें आहेत.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न: 1. सह्याद्रीच्या पायऱ्या कशा झाल्या? 2. एकाच दगडापासून तांबडी व काळी माती कशी झाली? 3. आपल्या गांवच्या उतारावरील पाणी व माती कोणत्या वाटेनें जाते? हा तिसरा प्रश्न घरांत बसून सुटणारा नव्हे. पहिला जोराचा पाऊस पडेल त्या दिवशीं मुलांस बरोबर घेऊन बांधावर जावें, आणि ओढ्याचें पाणी कोणत्या रंगाचें आहे तें पाहावें. तें तांबडें किंवा काळें गढूळ असेल, तर आपलें शेतच वाहत चाललें आहे असें समजावें.