आधी किल्ली फिरव, मग ऐक

अगं, एवढी रडकुंडीला येऊ नकोस. काल फोनवर तू म्हणालीस ना, की गॅरेजवाल्याने बॉनेट उघडायच्या आधीच ‘मॅडम, बॅटरी गेली, नवी टाकावी लागेल’ असं सांगून टाकलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. बॅटरी गेलीही असेल. पण तू ती मागच्याच वर्षी बदललीस. मग ती उतरली कशाने, हे विचारलंस का त्याला? बाबांची मारुती ८०० आहे १९९८ची. एवढ्या वयाच्या गाडीत सुटे भाग कमी बिघडतात आणि सांधे जास्त, हे माझं ठाम मत आहे. तेव्हा पाकीट उघडण्याआधी करंट नेमका कुठे अडतोय ते बघू. हे तुला जमेल, त्यासाठी मेकॅनिक व्हावं लागत नाही.

गाडी न्यूट्रलला टाक, हँडब्रेक ओढ, हेडलाइट लाव आणि किल्ली फिरव. एक डोळा दिव्यांच्या उजेडावर ठेव, भिंतीसमोर गाडी असेल तर बरं. किल्ली फिरवताच दिवे पार मरगळले आणि आतून टकटकटक असा आवाज आला, तर बॅटरीत दम नाही किंवा तिचा करंट वाटेत अडतोय. दिवे झकास आणि सेल्फ मात्र ढिम्म, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग किल्लीचा स्विच, सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर किंवा खुद्द सोलेनॉइड बघायचा. आणि सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीच्या नादी लागूच नकोस. तिथे प्लगला ठिणगी नाही किंवा पेट्रोल येत नाही. हा फरक तुझ्या तोंडून ऐकला की गॅरेजवाल्याचा सूरच बदलेल बघ.

आता एक साधा डिजिटल मल्टिमीटर घे, महागाचा नको. डीसी २० व्होल्टवर लाव. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६च्या आसपास आकडा दिसला तर ती भरलेली आहे. १२.२ला अर्धी, १२च्या खाली जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला लाव आणि आकडा बघत राहा. भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली घसरत असेल, तरच तिच्यावर संशय घे.

आता नीट लक्ष दे, कारण हे बहुतेक जण करतच नाहीत. मीटरची लाल पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेव आणि काळी त्याच खुंटीवर घट्ट बसवलेल्या टर्मिनलवर. दोन्हींत बोटभरही अंतर नाही, तेव्हा आकडा शून्य यायला हवा, नाही का? सेल्फ मारताना बघ. अर्धा व्होल्ट दिसला तर चोर तिथेच बसलाय. तसंच निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनच्या उघड्या धातूमध्ये बघ. तिथे ०.३च्या वर आकडा गेला तर अर्थची पट्टी, म्हणजे निगेटिव्हपासून इंजिनला जाणारी जोडणी, खराब. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यातही असंच.

मीटर ओमवर लावून मोजलं तर अशी खराब पट्टी किंवा वायरही ठणठणीत वाटते, कारण मीटर तिच्यातून नखभर करंट सोडतो. सेल्फ मात्र १०० अँपिअरच्या घरात ओढतो. वाटेत नुसता ०.०१ ओम अडथळा असला तरी १०० अँपिअरला तिथे १ व्होल्ट खाल्ला जातो. म्हणून भार टाकूनच मोजायचं. मी एकदा एका गाडीची अर्थची पट्टी पाहिली होती, ती वरून अगदी शहाण्यासारखी दिसत होती. बोल्ट काढला तर खाली रंगाचा थर, पट्टीच्या टोकाला हिरवट भुकटी आणि आतल्या तांब्याच्या निम्म्या तारा काळ्या पडून तुटलेल्या. कोकणातल्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत असल्या गाड्या ढिगाने सापडतील.

साफ करायचं तर आधी बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र सगळं काढून ठेव. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि तिथे बांगडी अडकली तर ती क्षणात तापून कातडी जाळते. म्हणून निगेटिव्ह आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून टर्मिनलवर घाल, फक्त बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नकोस. ब्रशने घास, कोरडं कर, घट्ट बसव आणि वरून व्हॅसलीन लाव.

गाडी चालू झाली की परत मोज. १३.८ ते १४.४ व्होल्ट म्हणजे चार्जिंग ठीक. साडेबाराच दिसतात आणि दिवे लावल्यावर आणखी उतरतात, तर अल्टरनेटर, म्हणजे आपला मेकॅनिक ज्याला डायनॅमो म्हणतो तो, किंवा त्याचा ढिला पट्टा. कोणी ‘चालू गाडीत टर्मिनल काढून बघतो’ म्हणाला, तर हात धर त्याचा. व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडतात, वर बिल तुझ्याच नावावर.

चार्जिंग नीट आहे आणि तरी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते? मग काहीतरी गुपचूप पितंय. लाल पिन मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाल आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटर त्यात मध्ये जोड. तेव्हा सेल्फ अजिबात मारू नकोस, मीटर जळेल. ५० मिलीअँपिअरहून कमी असेल तर सोड. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास गेले, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांत सेल्फ फिरवायच्या लायकीची उरत नाही. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो, ती लाईन. माझा पहिला संशय म्युझिक सिस्टिमवर. ती बसवताना वायरींना गुंडाळलेली काळी टेप पाहिलीस ना? आणि फ्यूज उडाला म्हणून कोणी त्यात सिगरेटच्या पाकिटाची चांदी घालून देत असेल, तर त्या गॅरेजचं तोंडही बघू नकोस. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून.

सेल्फ फिरतो पण गाडी धरत नाही, हे पावसाळ्यातच होत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि प्लगच्या जाड वायरी बघ. रात्री बॉनेट उघडून कुणाला सेल्फ मारायला लाव. वायरींवर निळसर ठिणग्या रांगताना दिसल्या तर शोधायचं काही उरलंच नाही. हात मात्र लांब, तिथे हजारो व्होल्ट असतात.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लाव. आधी तीनच आकडे लिहून ठेव: उभ्या गाडीचा, सेल्फ मारतानाचा आणि टर्मिनलवरचा. तोवर बॅटरी घेऊ नकोस. आणि चष्मा डोळ्यांवर ठेव हं, बॅटरीत ॲसिड असतं.