घरचा चिकन फ्राइड राइस : भात ताजा, मीठ बेताचे

कल्याणला लोकलमधून उतरून रात्री घरी आलो की पोरे चायनीजच्या गाडीचा हट्ट धरतात. तोच चिकन फ्राइड राइस आम्ही घरी करतो.

चौघांसाठी दोन वाट्या तांदळाचा मोकळा भात शिजवून परातीत पसरा. आधी कोबी, गाजर, पातीचा कांदा चिरा. मग पाव किलो बिनहाडाचे चिकन बारीक कापा. सुरी, पाट, हात साबणाने धुवा. कढईत तेल, आले-लसूण आणि चिकन घालून आतला गुलाबी रंग जाईपर्यंत परता. भाज्या मोठ्या आचेवर तीन मिनिटे परता. शेवटी भात, मिरपूड आणि एक मोठा चमचा सोया सॉस.

वरून मीठ नको, लिंबू पिळा. तेवढ्या सॉसमध्येच दोन ग्रॅमहून जास्त मीठ असते. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. बीपी असणाऱ्यांनी हे विसरू नये.

सकाळपासून बाहेर राहिलेला भात यात वापरू नका. त्यात काही जंतू विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही, उलट्या होतात. अन्न टाकणे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. म्हणून फ्रिज नसेल तर मोजूनच शिजवा.