‘रिकव्हर’ : एक इंग्रजी क्रियापद आणि त्याचे मराठी पर्याय
(सोलापूर जिल्ह्यातील ऊसव्यवहाराच्या संदर्भात)

सोलापूर जिल्ह्यातील ऊसउत्पादक शेतकऱ्याच्या व्यवहारात ‘रिकव्हरी’ हा शब्द तीन ठिकाणी येतो. कारखान्याच्या गाळपाचा हिशेब सांगताना रिकव्हरी म्हणजे उसातून हाती आलेल्या साखरेचे प्रमाण. विकास सोसायटीच्या पीककर्जाची रक्कम उसाच्या बिलातून कापून घेतली जाते, तेव्हा ती कर्जाची रिकव्हरी असते. कारखान्याने बिल थकविले आणि साखर आयुक्तांनी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविले, तर तीही रिकव्हरीच. शब्द एक आहे; परंतु पहिल्या प्रसंगी शेतकऱ्याच्या मालाचे मोल ठरते, दुसऱ्या प्रसंगी त्याच्याकडून काही घेतले जाते आणि तिसऱ्या प्रसंगी त्याला त्याचे येणे मिळायचे असते. मराठी भाषा या तीन प्रसंगांना एका शब्दात कोंबत नाही. ती का कोंबत नाही आणि इंग्रजी संज्ञा जशीच्या तशी उचलल्याने अर्थाची कोणती हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. इंग्रजी क्रियापदाची घडण

‘रिकव्हर’ या क्रियापदाचे मूळ लॅटिनमधील ‘रेकुपेरारे’ या धातूत असून ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ‘जे आपले होते, ते गेले आणि पुन्हा आपल्याकडे आले’ हा त्याचा मूलार्थ. हरवलेली वस्तू, गेलेली शुद्ध, झालेला खर्च, दिलेले कर्ज, ढळलेला तोल, न्यायालयात मागितलेली भरपाई ही सर्व या क्रियापदाची कर्मे होऊ शकतात. प्रकृतीच्या संदर्भात मात्र ते कर्मावाचून येते : रोगी ‘रिकव्हर’ होतो. आरोग्य ही जणू त्याचीच मालमत्ता होती आणि ती त्याला परत लाभली, अशी कल्पना या प्रयोगामागे आहे. सारांश, मालकी हे या क्रियापदाचे केंद्र आहे आणि इतर अर्थच्छटा त्याभोवती विस्तारल्या आहेत.

याच कुळातील शेजारी शब्दांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. ‘रिट्रीव्ह’मध्ये शोधून आणण्याचा भाव प्रधान आहे; म्हणून शिकारी कुत्र्याच्या आणि संगणकातील माहितीच्या संदर्भात तो शब्द सहज येतो. ‘रिक्लेम’मध्ये हक्क सांगणे आहे. ‘रिडीम’मध्ये मोल देऊन सोडविणे आहे; गहाण टाकलेला दागिना मराठी माणूस ‘परत मिळवीत’ नाही, तो ‘सोडवितो’. या सर्वांत ‘रिकव्हर’ हा सर्वांत व्यापक आणि म्हणूनच अनुवादकाला सर्वांत फसविणारा शब्द होय.

२. मराठीतील वाटणी

मराठीत या व्यापक अर्थक्षेत्राची वाटणी अनेक क्रियापदांत झालेली दिसते. हरवलेली वस्तू ‘परत मिळते’. गेलेले राज्य ‘परत मिळविले’ किंवा ‘जिंकून घेतले’ जाते. तोटा ‘भरून निघतो’. खर्च ‘निघतो’ वा ‘सुटतो’. मूर्च्छित माणूस ‘शुद्धीवर येतो’. रोगी ‘बरा होतो’ किंवा ‘दुखण्यातून उठतो’. यांतील बहुसंख्य क्रियापदे अकर्मक आहेत, ही बाब लक्षणीय आहे. इंग्रजीत माणूस वस्तू परत मिळविणारा कर्ता असतो. मराठीत बहुधा वस्तूच परत येते, खर्चच निघतो, तोटाच भरून निघतो. माणूस ‘त्याला’, ‘तिला’ असा चतुर्थीत उभा राहतो.

इंग्रजी क्रियापदाशी रचनेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मराठी धातू ‘सावरणे’ हा होय. ‘ती सावरली’ आणि ‘तिने पदर सावरला’ असे दोन्ही प्रयोग होत असल्याने ते उभयविध क्रियापद ठरते. ‘घसरता घसरता तो सावरला’ आणि ‘मुलाच्या मृत्यूनंतर ती सावरली’ या दोन्ही वाक्यांत ‘रिकव्हर’ची छटा नेमकी उतरते. तथापि ‘सावरणे’मध्ये मालकीचा लवलेश नाही. गेलेले परत मिळते असे ते सांगत नाही. कोसळणे टळले, एवढेच सांगते. पुत्रशोकातून सावरलेल्या आईला काहीही परत मिळालेले नसते. अशा ठिकाणी मराठी शब्द इंग्रजी शब्दापेक्षा अधिक सत्यनिष्ठ आहे असे म्हणावे लागते.

३. ‘उतार’ आणि ‘उतारा’

साखरेच्या संदर्भातील ‘रिकव्हरी’ला मराठीने ‘उतारा’ हा स्वतःचा शब्द दिला. या शब्दाचे कूळ ‘उतरणे’ या धातूचे. ताप उतरतो, दुखण्याला उतार पडतो, विषावर उतारा देतात, तलाठ्याकडून सातबाराचा उतारा घेतात, ग्रंथातला उतारा उद्धृत करतात, पिकाचा एकरी उतारा सांगतात. आजारातून बरे होणे आणि उसातून साखर निघणे हे दोन परस्परांपासून दूरचे अर्थ इंग्रजीत ‘रिकव्हरी’ या एका शब्दाखाली येतात. मराठीतही ते ‘उतार’ आणि ‘उतारा’ या रूपांनी एकाच धातूखाली येतात. मात्र दोन्ही भाषांची रूपके भिन्न आहेत. इंग्रजीत परत मिळणे आहे, मराठीत खाली येणे आहे. दोन भाषा दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचल्याचे हे दुर्मीळ उदाहरण शब्दार्थविचाराच्या अध्यापनात उपयुक्त ठरावे.

या उताऱ्याला व्यवहारात मोठे वजन आहे. शंभर किलो उसापासून मिळालेल्या साखरेचे किलो म्हणजे शेकडा उतारा. केंद्र शासनाने २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाचा रास्त आणि किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरविला आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये वाढ दिली. कोल्हापूर भागाच्या तुलनेने सोलापूरकडील उतारा सामान्यतः कमी राहतो. त्यामुळे या जिल्ह्यात उताऱ्याचा दशांशही चर्चेचा विषय होतो. उतारा उसाच्या जातीवर, तोडणीच्या वेळेवर, तोडणीनंतर गाळपाला लागलेल्या विलंबावर आणि कारखान्याच्या कार्यक्षमतेवरही अवलंबून असतो. ‘रिकव्हरी कमी आली’ या वाक्यात यांपैकी कोण उणे पडले हे अध्याहृत राहते.

४. ‘वसूल’ : पोचण्याकडून घेण्याकडे

कर्जाच्या संदर्भात मराठीने ‘वसूल’ हा शब्द स्वीकारला. अरबीतील ‘वुसूल’ म्हणजे पोचणे, येऊन मिळणे. फार्सीमार्गे तो महसुली भाषेत स्थिरावला आणि मराठेशाहीच्या हिशेबांत ‘जमा’, ‘बाकी’ यांच्या पंक्तीला बसला. शिवकाळातील राजव्यवहारकोशाने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविल्यानंतरही ‘वसूल’ टिकून राहिला. सोलापूरसारख्या बहुभाषिक नगरात त्याचे महत्त्व विशेष आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषांच्या भाषकांना तो किंचित उच्चारभेदाने परिचित आहे.

मूळ अर्थ ‘पोचणे’ असला तरी मराठीत ‘वसूल’ला ‘करणे’ जोडले गेले आणि त्यात घेणाऱ्याचे बळ शिरले. त्याच्या जोडीला अस्सल मराठी शब्द आहेत ते ‘येणे’, ‘देणे’ आणि ‘फेडणे’. ऋणको फेडतो, धनको वसूल करतो. एकाचे देणे ते दुसऱ्याचे येणे. एकाच घटनेकडे दोन बाजूंनी पाहण्याची सोय भाषेने करून ठेवली आहे. ‘रिकव्हरी’ ही संज्ञा ही सोय नाहीशी करते : तिच्यात फक्त घेणारा उरतो, फेडणारा दिसेनासा होतो.

५. पर्यायाची निवड हा अर्थनिर्णय

चोरीचा माल मिळाला की मराठी वृत्तपत्रे ‘मुद्देमाल हस्तगत’ असे लिहितात. हा पर्याय अचूक आहे. माल पोलिसांच्या हाती आला. मालकाला तो न्यायालयाच्या आदेशानंतरच मिळेल. ‘परत मिळाला’ असे लिहिणे येथे चूक ठरेल.

कर्म वस्तू नसून व्यक्ती असेल, तर प्रश्न अधिक गंभीर होतो. फाळणीच्या काळात पळविल्या गेलेल्या स्त्रियांविषयी भारतात १९४९ मध्ये कायदा झाला. त्याच्या शीर्षकातच ‘रिकव्हरी’ हा शब्द होता. मराठीत त्याचा अनुवाद ‘सुटका’, ‘परत आणणे’ किंवा ‘ताब्यात घेणे’ असा तिन्ही प्रकारे होऊ शकतो. सुटका म्हटले की स्त्रीची इच्छा गृहीत धरली जाते. परत आणणे म्हटले की कुटुंबाचा वा राष्ट्राचा हक्क. ताब्यात घेणे म्हटले की शासनाचे बळ. काही स्त्रियांनी परत जाण्यास नकार दिला होता, हे ध्यानात घेता यांतील कोणताही शब्द तटस्थ राहत नाही. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेली मालकीची कल्पना येथे उघडी पडते.

ऊसबिलाचा प्रश्नही याच जातीचा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत बिल देणे बंधनकारक आहे आणि विलंबाला वार्षिक १५ टक्के व्याज आहे. थकलेली ही रक्कम शेतकऱ्याचे ‘येणे’ आहे. तिला केवळ ‘वसुली’ म्हटले की शासन आणि कारखाना हे दोघेच वाक्यात दिसतात. ‘शेतकऱ्यांचे येणे वसूल करणे’ असे म्हटले की हक्क कोणाचा हेही सांगितले जाते.

६. उपसंहार

परिभाषेत ‘रिकव्हर’साठी ‘पुनर्प्राप्ती’ हा सरसकट पर्याय रूढ होत आहे. संस्कृत संधिनियमानुसार त्याचे रूप ‘पुनःप्राप्ती’ असे व्हायला हवे, ही गोष्ट गौण आहे. खरी अडचण अशी की हा शब्द इंग्रजीइतकाच व्यापक असून मराठीतील वाटणी पुसून टाकतो. संगणकातील पुसलेल्या माहितीसाठी तो चालेल. कर्जासाठी, प्रकृतीसाठी वा शोकासाठी चालणार नाही. अनुवादकाने आणि अध्यापकाने पर्याय निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे श्रेयस्कर : परत आले ते काय, ते कोणाकडे आले आणि कोणाच्या बळाने आले? कोश शब्दापुढे पर्यायांची यादी देतो. या तीन प्रश्नांची उत्तरे वाक्यातच शोधावी लागतात. ज्या बिलावर उतारा, कपात आणि थकबाकी एकत्र येतात, त्या बिलाचा धनी हे तीन शब्द वेगळे ओळखतो. भाषेच्या अभ्यासकानेही ते वेगळे राखले पाहिजेत.