फेरीबोटीच्या पुढून नको, मागून जा



चवथ जवळ आली. माटोळीच्या बाजारासाठी आपल्यातली काही कुटुंबे होडीने पणजीला जातात. पोरेबाळे, घरातली म्हातारी माणसे, येताना नारळ-केळ्यांचे ओझे. वर्षभर जाळी वाहणारी होडी त्या दिवशी घरच्यांची होडी होते. गेल्या वर्षी असेच जाताना आपल्या एका सभासदाची होडी फेरीबोटीच्या पुढ्यात आली. होडीत दोन लहान मुले होती. फेरीवाल्याने भोंगा दिला, इंजिन उलटे फिरवले आणि दोन-चार वावांवर प्रसंग टळला.

नंतर संस्थेत चर्चा झाली तेव्हा पहिले वाक्य निघाले ते हे : "आपली मच्छीमार होडी. वाट फेरीने द्यायला हवी होती." खरे सांगायचे तर आमच्यापैकीही काहींनी माना डोलावल्या. नियम उघडून वाचले तेव्हा कळले, आपणच चुकीचे धरून बसलो होतो. म्हणून हा धडा.

वाट कोणाची?

समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. समुद्राला जोडलेल्या आणि समुद्री जहाजे चालतात अशा नदीलाही ते लागू पडतात, म्हणजे आपल्या मांडवीलाही. शिवाय बंदर कप्तान खात्याच्या स्थानिक सूचना असतातच.

मच्छीमार बोटीला इतरांनी वाट द्यावी, असे त्यात आहे हे खरे. पण कधी? जाळे किंवा ट्रॉल पाण्यात असेल आणि त्यामुळे बोट हवी तशी वळवता येत नसेल तेव्हाच. बाजाराला निघालेली होडी नियमाच्या भाषेत मच्छीमार नाही, ती साधी इंजिनाची होडी. आणि दुसरी गोष्ट, अरुंद चॅनलमध्ये तर जाळे टाकलेले असले तरी चॅनलमधून जाणाऱ्या इतर बोटींना अडथळा करायचा नाही. २० मीटरपेक्षा लहान बोटीनेही, ज्या मोठ्या बोटीला चॅनलबाहेर जाता येत नाही तिची वाट अडवायची नाही.

दोन इंजिनवाल्या बोटी एकमेकींची वाट कापत असतील तर साधा नियम : जी आपल्या उजव्या हाताला दिसते तिला आपण वाट द्यायची. पण फेरी डावीकडून आली म्हणून "आता माझा हक्क" असे समजून छाती काढून जाऊ नका. माणसे आणि गाड्या भरलेली फेरी आपल्या होडीसारखी जागच्या जागी थांबत नाही, वळतही नाही. ती दूर असतानाच वेग कमी करून तिला जाऊ द्या. म्हणजे हक्काचा प्रश्नच उरत नाही.

धडक होणार हे कसे ओळखावे?

गेल्या वर्षी आपल्या सभासदाचा अंदाज इथेच चुकला. ओहोटी जोरात होती. पावसाळ्यात वरचे पाणीही तिला मिळते. अशा वेळी बेतीकडे सरळ जायचे तर फेरीला नाळ पुलाच्या बाजूला तिरकी धरावी लागते, नाहीतर पाणी तिला खाली आग्वादकडे ओढून नेते. बघणाऱ्याला वाटते फेरी पुलाकडे चालली आहे. प्रत्यक्षात ती आडवी सरकत पलीकडेच येत असते. आपला माणूस नाळेकडे बघून पुढे गेला.

म्हणून नाळ बघू नका, रेषा बघा. होडीतल्या आपल्या जागेवरून फेरी होडीच्या कुठल्या खुंटीच्या किंवा कठड्याच्या रेषेत दिसते ते धरा. होडीची दिशा आणि वेग बदलू नका आणि थोड्या वेळाने परत बघा. फेरी त्या खुंटीच्या मागे सरकत गेली तर ती आपल्या मागून जाणार. पुढे सरकत गेली तर पुढून जाणार. आणि तिथेच राहून नुसती मोठी होत गेली, तर धडक ठरलेली. तेव्हा वाट बघत बसू नका. वेग उतरवा किंवा तिच्या मागच्या बाजूला ठळक वळा. असे वळा की फेरीवाल्याला तुमचा बेत लांबूनच कळला पाहिजे.

भोंगा ओळखा

एक छोटा भोंगा : मी उजवीकडे वळतो.
दोन : मी डावीकडे वळतो.
तीन : माझे इंजिन मागे चालते आहे. धक्क्याजवळ हा ऐकलात तर लगेच बाजूला व्हा.
पाच किंवा जास्त, भराभर : तुझा बेत मला कळत नाही. हा बहुतेक वेळा आपल्यालाच उद्देशून असतो.

पणजीसमोर जाताना

१. नदीतून लांब जायचे असेल तर आपल्या उजव्या काठाच्या बाजूने चला, मधोमध नको.
२. नांगरलेल्या कॅसिनो बोटीच्या आडून एकदम बाहेर येऊ नका. पलीकडचे दिसेपर्यंत वेग उतरवा. एक फेरी गेली तरी तिच्या आड समोरून येणारी दुसरी असू शकते.
३. फेरीच्या धक्क्याला होडी लावू नका, तिथे माणसे उतरवू नका. फेरीच्या पंख्याचे पाणी लहान होडीला ओढते आणि फिरवते.
४. मोठ्या बोटीची लाट बाजूवर घेऊ नका, नाळेवर थोडी तिरकी घ्या.
५. अंधार पडण्याआधी परता. शहराच्या दिव्यांत बोटींचे दिवे हरवतात, आपलेही. उशीर झालाच तर होडीचे दिवे लावा.
६. लाइफ जॅकेट बाकाखाली नको, अंगावर. मुलांना मुलांच्या मापाचे. आउटबोर्डच्या किल-स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला.
७. कोणी पाहुणे पैसे देऊन फेरफटका मागत असतील तर नाही म्हणा. मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी वाहतूक करता येत नाही, त्याला वेगळा परवाना लागतो.

१८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. उजेड होता, पाणी मोकळे होते, तरी १५ माणसे गेली. पाण्यावर ब्रेक नसतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी सणाच्या घाईत आपण ते विसरतो.

त्या सभासदाने नंतर आम्हाला सांगितले, "मुलांसाठी फटाके घ्यायचे होते, दोन मिनिटे वाचवायला गेलो." हे लिहा, असेही त्यानेच सांगितले. तो मोठेपणा त्याचा आहे.

घरातल्या बायांना आमची खास विनंती : होडी चालवणारा घाई करतोय असे दिसले तर गप्प बसू नका, "फेरी जाऊ दे आधी" म्हणा. हा धडा आपल्या तांडेलांना आणि नव्या पोरांना वाचून दाखवा. समुद्रात कोणी अडचणीत असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, आणि व्हीएचएफ असेल तर चॅनल १६.

चवथ आनंदाची जावो.

आपली,
संस्थेची कार्यकारिणी व सचिव