एका झटक्यात सुरू झालं होतं

‘हौस होती ना, मग भोगा.’ गेले दोन महिने हेच ऐकतोय. ज्यांनी जन्मात होडीत पाय ठेवला नाही तेसुद्धा ऐकवतात. म्हणून एकदा सगळं सांगून टाकतो. चूक माझी होती. पण सगळी माझी नव्हती, आणि जी नव्हती तिचे पैसे मी पावतीसकट मोजले आहेत.

होडी पावसाळाभर अंगणात ताडपत्रीखाली होती. दिवाळीनंतर मेकॅनिक आला, ‘फुल सर्व्हिस’ केली. पावतीवर सुवाच्य अक्षरात ‘वॉटर पंप किट – १’. मग होडी ट्रॉलीवर असतानाच त्यानं दोरी ओढली. एका झटक्यात सुरू! अर्धा-पाऊण मिनिट इंजिन घरघरलं. ‘बघा काका, मख्खन!’ मेहुण्यानं टाळी वाजवली, मीही वाजवली. ती टाळी मला आजही कानफटात बसल्यासारखी आठवते.

पौष वद्य तृतीयेला मी, मेहुणा आणि त्याचा अकरा वर्षांचा मुलगा रेवदंड्याहून निघालो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, कोळी म्हातारे बोटांवर काढतात. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे सव्वादोननंतर ओहोटी, तीही पुनवेच्या उधाणाची. हे मला माहीत होतं. चारच्या आत परतायचं ठरलंही होतं. पण कोर्लईचा किल्ला समुद्रातून बघायचा हट्ट पोराचा नव्हता, मेहुण्याचा होता. पावणेपाचला खाडीच्या तोंडाशी आलो तेव्हा कुंडलिकेचं पाणी धावत बाहेर पडत होतं आणि वायव्येचा खारा वारा त्याच्या तोंडावर. वारा आणि पाणी असे समोरासमोर आले की लाटा लांबट राहत नाहीत, आखूड होऊन उभ्या राहतात.

तेवढ्यात बारीक शिटीसारखा आवाज. मला वाटलं मोबाइल. मी मेहुण्याला म्हटलं, ‘घे ना फोन.’ तो म्हणाला, ‘माझा नाही.’ आवाज इंजिनाचा होता. मी मागे वळलो. इंजिनाच्या मागून पाण्याची करंगळीएवढी धार सतत पडत असते. इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरतंय याची ती खूण. ती धार नव्हती. कधीपासून नव्हती, देव जाणे. इंजिन बंद करेपर्यंत पिस्टन धरला होता.

नांगर टाकला. म्हणजे मेहुण्यानं टाकला, आणि दोर मागच्या बाजूला बांधला. होडीची पाठ लाटांकडे झाली आणि दोन लाटांत घोट्यापर्यंत पाणी आत. दोर पुढे नाळेवर नेऊन बांधेपर्यंत माझे हात सोलवटले. तरी नांगर घसरतच राहिला, कारण दोर होता पंधरा मीटर आणि साखळी नव्हतीच. खोली पाच मीटर असेल तर दोर किमान पंचवीस मीटर लागतो, आणि नांगराजवळ थोडी साखळी, म्हणजे तो आडवा पडून रुततो. हे मी वाचलेलं होतं. लाइफ जॅकेटं होती, नाळेतल्या कप्प्यात, सामानाखाली. पोराला ती घालताना माझ्या हाताला कंप सुटला होता. आता आमच्याकडे जेटीवरच घालतात, नाही तर होडीत पाय नाही.

मासे घेऊन परतणाऱ्या एका तांडेलानं ओढून आणलं. पैसे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, ‘काका, वल्ही तरी ठेवायची.’ तेवढं पुरलं.

इंजिन अलिबागच्या दुसऱ्या मेकॅनिकनं उघडलं. खालचं गिअरकेस धरणाऱ्या बोल्टांवरचा कंपनीचा रंग जसाच्या तसा, त्यावर मिठाची पापडी. ते न सोडता पंपापर्यंत पोचताच येत नाही. आत रबरी इम्पेलर, सहापैकी दोन पाती तुटलेली, उरलेली एका बाजूला वाकून कडक झालेली. पंप पाण्याशिवाय फिरला की त्या रबराला वंगण म्हणून काहीच उरत नाही. अर्ध्या मिनिटातही ते भाजतं. म्हणजे माझ्या अंगणात, माझ्या टाळ्यांच्या गजरात.

पहिल्याला फोन केला. ‘काका, समुद्रात प्लॅस्टिकची पिशवी ओढली असेल.’ बोल्टांचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. अजून नाही.

तेव्हा ज्यांची होडी आहे त्यांच्यासाठी. काम समोर उभं राहून करून घ्या आणि काढलेला जुना भाग हातात मागा. ‘टाकून दिला’ म्हणाला तर बदललाच नाही असं समजा. होडी सोपवण्याआधी बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. बायकोनं दिलेली युक्ती आहे, माझी नाही. जमिनीवर इंजिन सुरू करायचं तर खालच्या पाण्याच्या जाळ्यांना नळी जोडून किंवा पाण्याच्या पिंपात बुडवूनच. इम्पेलर दरवर्षी बदला, नवा दिसला तरी. नुसतं पडून राहिलं तरी रबर वाकतं. समुद्रातून आल्यावर दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा. पेट्रोल पावसाळाभर टाकीत ठेवू नका, हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओल धरते. निघताना किनाऱ्यावर कुणाला तरी परतीची वेळ सांगा. तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक फोनमध्ये ठेवा, आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत. माझा खिशात होता, भिजून बंद. आणि दर पाच मिनिटांनी मागे वळून ती धार बघा. मान दुखली तरी चालेल.

गेल्या रविवारी जेटीवर गेलो होतो. एका डॉक्टरांची नवी होडी ट्रॉलीवर, शेजारी आपले पहिले मेकॅनिक महाशय. मी ‘अहो, नळी लावा, नळी!’ ओरडत पोचेपर्यंत त्यानं दोरी ओढलीही. एका झटक्यात सुरू. डॉक्टर मोबाइलवर व्हिडिओ काढत होते. मला हातानंच बाजूला व्हायची खूण केली, मी मध्ये येत होतो.