आधी पैशाचं बोल, मग पास्त्याचं

तुझा फोन आला तेव्हापासून मला हसूच येतंय. ऑफिसातल्या मैत्रिणी शनिवारी तुला कोरेगाव पार्कात इटालियन जेवायला नेणार, आणि तुला काळजी कशाची, तर काटा कोणत्या हातात धरायचा! अवं बाई, धर कोणत्याही हातात. तिथं जो तो आपल्याच ताटाचा फोटो काढण्यात गुंतलेला असतो.

काळजी करायचीच तर पैशाची कर. आजच ग्रुपवर विचारून टाक, टीटीएमएम की सारखी काँट्री? तू वाइन पीत नाहीस. बाकीच्या पिणार, आणि बिलाचे सारखे भाग पडले की त्यांच्या ग्लासाचे पैसे तुझ्या पगारातून जाणार. बिल टेबलावर आल्यावर हे बोलायला जीभ रेटत नाही, आदल्या दिवशी सहज बोलता येतं. तुझ्यासारखीच घरी पैसे पाठवणारी आणखी एखादी त्यांच्यात असेलच. तू विषय काढलास तर तिलाही बरंच वाटेल.

मेन्यू नेटवर मिळतो, भाव आधी बघून ठेव. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी 5 टक्के, पण वेस्टिनमधल्या ‘प्रेगो’सारख्या मोठ्या हॉटेलातल्या जागी 18 टक्के लागतो. हजाराच्या पास्त्यावर तेवढ्यानंच 180 रुपये चढले. बसल्या बसल्या वेटर पाणी कोणतं म्हणून विचारेल, तेव्हा ‘रेग्युलर’ म्हणायचं; नाहीतर बाटली उघडली जाते आणि बिलात येते. सर्व्हिस चार्ज द्यायचा की नाही ते आपण ठरवायचं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 सालीच तो आपोआप लावायला मनाई केलीय आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. लावलाच असेल तर काढायला सांग, शांतपणे. वाढणारा पोरगा भला वाटला तर टीप त्याच्या हातात दे.

आता खाण्याचं. अंडंही न खाणारी तू, म्हणून हे नीट ऐक. खरं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं घट्ट करतात, आणि तेच पास्त्यावर किसून येतं, पेस्तोतही असतं. तिरामिसूत अंडं असतं, कधी दारूही. पान्ना कोत्तात जिलेटिन. मेन्यूवर हिरवा ठिपका दिसला तरी विचारायचं, ‘चीज व्हेज रेनेटचं आहे का?’ यात लाजायचं काहून? चांगल्या ठिकाणचा वेटर आत जाऊन शेफला विचारून येतो. जागा ठरायची असेल तर ‘दारिओज’ सुचव. तेही कोरेगाव पार्कातच आहे, आणि सगळं शाकाहारी.

पास्ता मधे जरा कडक लागेल. परत पाठवू नको, इटलीत तो दाताला लागेल इतपतच शिजवतात. आणि बुजू तर मुळीच नको. पास्त्याचा गहू म्हणजे ड्यूरम, आपल्या बन्सीच्याच जातीचा. आजी उन्हाळ्यात काडीवर पीठ वळून सरगुंडे करायची, वाळवून ठेवायची आणि आमरसासोबत वाढायची, आठवतं? दक्षिण इटलीत कालाब्रियाच्या बायका अशाच बारीक काडीवर पीठ वळून फिलेया नावाचा पास्ता करतात. त्यांनी त्यावर टोमॅटोचा रस्सा घातला, आपण आंब्याचा रस. आमरसच सरस, हे माझं मत. शनिवारी मात्र ते तिथं ऐकवत बसू नको.

नाव वाचता येत नसेल तर मेन्यूवर बोट ठेवून ‘हे द्या’ म्हण. सगळ्याच जणी तेच करतात, फक्त तोऱ्यात करतात. पदार्थ मधे ठेवून वाटून घ्या, म्हणजे चव चारची कळते आणि खर्च आवरतो. वाइनचा आग्रह झाला तर एकदाच ‘नाही घेत’ म्हणायचं. कारणं देत बसलीस की आग्रह वाढतो.

परतताना रात्र होईल. कॅब दोघीतिघींनी मिळून कर आणि रूमवर पोचलीस की मला मेसेज टाक. आणि हो, आईला फोटो पाठवशील तर जेवणाचाच पाठव, बिलाचा नको.