नदीने दिलेला किनारा

आपले छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून फार दूर आहे. मग समुद्रकिनाऱ्याचा धडा आपण का वाचावा? किनाऱ्यावरील वाळू कोठून येते, हे समजले की याचे उत्तर मिळते.

ऊन, वारा आणि पाऊस यांमुळे डोंगरांतील खडक हळूहळू झिजतात. त्यांचे बारीक कण नद्या समुद्राकडे वाहून नेतात. लाटा ते कण किनाऱ्यावर पसरवतात. अशा रीतीने हजारो वर्षांत वाळूचा किनारा तयार होतो. आपली गोदावरीही बंगालच्या उपसागराकडे वाळू व गाळ नेते.

पावसाळ्यातील उंच लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात. पुढे शांत लाटा ती परत आणतात. नदीकडून नवी वाळू मिळाली नाही, तर मात्र किनारा झिजू लागतो. आज जगात अनेक ठिकाणी असे घडत आहे. बांधकामासाठी नद्या व खाड्यांतून वाळूचा बेसुमार उपसा होतो. धरणांमागे गाळ अडतो. पैठणजवळचे जायकवाडी धरण आपल्याला पाणी देते, हे खरे. पण अशा अनेक धरणांमुळे गोदावरीच्या मुखाशी पूर्वीइतका गाळ पोहोचत नाही. त्यामुळे तेथील किनारा काही ठिकाणी खचला आहे. शिवाय पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने समुद्राची पातळीही वाढत आहे.

दुसरे संकट कचऱ्याचे. मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर प्लॅस्टिकचे ढीग साचले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह हे तरुण वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर यांनी स्वतःच्या हातांनी कचरा उचलायला सुरुवात केली. हळूहळू कोळी बांधव, विद्यार्थी व इतर नागरिक त्यांना येऊन मिळाले. २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने शाह यांचा गौरव केला. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले बाहेर पडून समुद्रात गेली. सुमारे २० वर्षांनी तेथे असे दृश्य दिसले.

तरीही भरतीबरोबर नवा कचरा येतच राहतो, कारण तो नाले आणि नद्या यांतून समुद्रात जातो. आपल्या शहरातून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीला मिळते. म्हणून नाल्यात पिशवी टाकण्यापूर्वी क्षणभर थांबा. किनारा दूर असला, तरी त्याची काळजी घेणे आपल्याही हातात आहे.

स्वाध्याय
१. किनाऱ्यावर वाळू कशी येते?
२. किनारा झिजण्याची तीन कारणे लिहा.
३. तुमच्या वस्तीतील नाल्याचे पाणी कोठे जाते, ते मोठ्यांना विचारून पाच वाक्ये लिहा.